बाई, जबलपूर आणि भेडाघाटची नाव

भेडाघाटला जाऊन नावेत डोळे मिटून बसलेली बाई मी पाहिली आहे. तिला झोप लागली नव्हती आणि भीतीही वाटत नव्हती. दोन्ही बाजूंना पांढरेशुभ्र कडे, मधून नर्मदेचं हिरवं संथ पाणी, नावाडी घसा कोरडा करून सांगतोय की हा दगड हत्तीसारखा आणि तो रथासारखा, आणि आमच्या बाई डोळे गच्च मिटून, तोंडात खारे शेंगदाणे घोळवत गप्पा मारतायत. नाशिक रोडहून रात्रभर गाडीत अंग मोडून घेऊन माणूस तिथवर जातो ते बघायला जातो. पण बघणं या गोष्टीशी बाईंचं कधी जमलंच नाही.

मी टेलिफोन एक्स्चेंजला लागले तेव्हा बाई तिथे जुन्या झालेल्या होत्या. परगावी फोन लावायचा तर आधी आमच्याकडे ट्रंक कॉल नोंदवायचा आणि आम्ही लावून देईपर्यंत घरी वाट बघत बसायचं, असा तो काळ. आम्ही बायका रांगेने बोर्डासमोर बसून कानाला हेडफोन लावून वायरी खुपसायचो आणि उपसायचो. बाई या रांगेच्या टोकाला, भिंतीलगत. ठेंगण्या, रुंद, काळ्यासावळ्या, दातांना कायम मिसरी लावलेली. मूळच्या सटाण्याकडच्या, वडील मनमाडला रेल्वेत होते. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही हे विचारायची छाती फक्त एकदा एका नव्या मुलीने केली. बाईंनी तिला अहिराणीत नुसतं "काय शे?" एवढंच विचारलं आणि ती मुलगी पुढे दुसऱ्या खात्यात गेली.

त्यांच्या आवाजाबद्दल मात्र काय सांगू. समोर उभं राहून बोलल्या तर पत्र्यावर खुरपं ओढल्यासारखा आवाज. तोच हेडफोन कानाला लावला की मऊसूत. "नमस्कार, नासिक" एवढं म्हणाल्या तरी पलीकडचा माणूस आपला कॉल कुठे लावायचाय ते विसरायचा.

पेठ रस्त्यावरचा एक लाकडाचा व्यापारी या आवाजावर इतका भाळला की पेढ्याचा पुडा घेऊन खाली तक्रारीच्या खिडकीशी हजर झाला. तक्रार नाही, म्हणाला, त्या टोकाच्या ऑपरेटरबाईंना भेटायचंय. बाई स्वतः खाली गेल्या. त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, आपल्या पत्र्याच्या आवाजात म्हणाल्या, "ती रजेवर आहे." पेढे ठेवून घेतले. पुढच्या महिन्यात तो पुन्हा आला, पुन्हा ती रजेवर. आमच्या रांगेने कितीतरी महिने त्याचे पेढे खाल्ले. शेवटी बाईंनाच त्याची दया आली आणि तिचं लग्न झाल्याचं त्यांनी सांगितलं. कुणाशी, असं त्याने विचारलं. "पोस्टातल्या एकाशी." त्यानंतर त्या माणसाने पोस्टाचं तोंड पाहिलं नसणार.

माणसाची परीक्षा त्या 'हॅलो'वरून करत. मला स्थळं येत होती तेव्हा त्यांनी हुकूमच काढला की मुलाचा फोन नंबर आण, आधी आवाज ऐकू. बँकेतला एक अधिकारी त्यांनी असाच घालवला. "चोरासारखं हॅलो म्हणतो. आधी श्वास घेतो, मग बोलतो. याला काहीतरी लपवायचंय." माझ्या आईने डोक्याला हात लावला. नंतर एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मुलाला बाईंनी फोन लावला. त्याने हॅलो म्हटलंच नाही, "कोण पाहिजे?" म्हणाला. बाई हेडफोन काढून म्हणाल्या, "हा चालेल. डोकं कमी आहे पण लबाडी नाही." तेच पुढे आमचे हे झाले. बाईंचं निदान दोन्ही बाबतीत खरं ठरलं.

लाइनवरचं बोलणं ऐकू नये असा नियम होता. बाई तो पाळत, असं म्हणवत नाही. एकदा मालेगावचे दोन भाऊ, एक तिथेच यंत्रमागावर, दुसरा भिवंडीला, म्हाताऱ्या आईला कुणी ठेवायचं यावर भांडत होते. अम्मीला तू ने, नाही तू ठेव, असं बराच वेळ चाललं. बाई मधेच शिरल्या. "अम्मी को मेरे पास भेजो. मेरे यहाँ एक खटिया खाली है." मालेगावच्या थोरल्याने खालच्या आवाजात सांगितलं की अम्मी कुठेही जाणार नाही, ती इथेच राहील. वर त्यानेच साहेबांकडे तक्रार केली. साहेबांनी बाईंना आत बोलावलं.

"तुम्ही मध्ये का बोललात?"

"लाइन अडकली होती, साहेब."

"कुठली लाइन?"

"म्हातारीची."

साहेबांनी ताकीद दिली. पुढे थोरला भाऊ आपणहून नाशिकला आला आणि बाईंना नऊवारी लुगडं देऊन गेला. बाई नऊवारी नेसत नव्हत्या. त्यांनी त्याचे पडदे शिवले.

एवढ्या माणसांशी बोलणाऱ्या या बाईला समोरासमोर मात्र कुणाशी धड बोलता येत नसे. काही महत्त्वाचं सांगायचं असलं की त्या भिंतीकडे तोंड करत, नाहीतर डोळे मिटून घेत. मी एकदा विचारलं. तर म्हणाल्या, "मध्ये तोंड आलं की बोलणं बिघडतं. तू हसतेस का रडतेस ते बघत बसावं लागतं. मग मी माझं विसरते."

आणि मग जबलपूर.

सिन्नरला विड्यांचे कारखाने. विडीला तेंदूची पानं लागतात आणि ती मोठी खरेदी जबलपूरकडून. त्यामुळे हंगामात सिन्नरचे शेठ आमच्याकडे कॉलवर कॉल नोंदवत. ते बाईच लावत. पलीकडे जबलपूरच्या बोर्डावर एक ठरावीक पुरुष ऑपरेटर असे. आम्ही ऑपरेटर एकमेकांना गावाच्या नावाने हाक मारायचो. ते बाईंना 'नासिक' म्हणत, बाई त्यांना 'जबलपूर'. होकार द्यायचा असला की ते 'हओ' म्हणत आणि तो 'हओ' इतका भरदार, घुमणारा होता की आमच्या रांगेतल्या मुली आळीपाळीने बाईंचा हेडफोन कानाला लावून तेवढाच ऐकायच्या.

शेठ लोक फोनवर यायच्या आधीची दोन-चार मिनिटं या दोघांची. "तुमारे उधर पाऊस है क्या?" "हओ, तुम्हारे?" "हमारे इधर नुसती हवा." असं कितीतरी वर्षं चाललं. बाईंचं हिंदी असं की त्यात क्रियापद हिंदी आणि बाकी सगळं सटाण्याचं. जबलपूरना ते समजायचं. त्यांची बायको आजारी होती ते बाईंना माहीत होतं, ती गेली तेही बाईंना सगळ्यात आधी कळलं. त्या दिवशी बाईंनी सिन्नरच्या सगळ्या शेठना लाइन खराब असल्याचं सांगितलं आणि दुपारभर लाइन चालू ठेवली. दोघांपैकी कुणीच फारसं बोललं नाही. मी शेजारी बसले होते म्हणून मला माहीत.

ते जातीचे कोण, हे बाईंनी कधी विचारलं नाही आणि बाई बौद्ध आहेत का कोण, ते त्यांनीही विचारलं नाही. "लाइनवर ते ऐकू येत नाही," बाई म्हणत. आपलं भेडाघाट मात्र ते सारखं ऐकवत. एकदा या, माझ्या लहानपणीचा नावाडी आहे, दिवसभर नावेतून फिरवतो, संगमरवराचे कडे दाखवतो. बाई म्हणत, "आएगी, आएगी."

मग वरून कळलं की आता जबलपूरला लोक घरूनच थेट फोन लावू शकणार. मधे ऑपरेटर नको. शहरात सगळे खूष. बाईंनी दुसऱ्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला आणि मला म्हणाल्या, "नवऱ्याला सांग, भेडाघाट बघायला जायचंय. तुम्ही दोघं असलात म्हणजे बरं दिसेल."

जबलपूर स्टेशनावर आम्ही उतरलो. उंचापुरा, मिशाळ, रुंद छातीचा कुणीतरी दिसेल म्हणून मी माना वळवत होते. आमच्यासमोर येऊन उभे राहिले एक किरकोळ देहयष्टीचे गृहस्थ. जाड भिंगाचा चष्मा आणि भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर. त्यांनी बाईंच्या हातातल्या पिशवीकडे बघून विचारलं, "गाड़ी टाइम पर थी?" बाईंनी त्यांच्या चपलांकडे बघून मान हलवली. झालं. त्यानंतर भेडाघाटापर्यंतच्या सगळ्या रस्त्यात दोघं एक अक्षर बोलले नाहीत. ते आमच्या ह्यांना गाड्यांची वेळापत्रकं सांगत राहिले, तीही इतक्या बारीक आवाजात की हे दर वेळी "काय?" करत होते.

बाईंनी मला कोपराने ढोसलं. "हा तो नाही."

"अहो, असं कसं?"

"कुणीतरी बदली पाठवलाय. पेढेवाल्याला मीही असंच फिरवलं. तो बसलाय घरी, म्हणतोय बघून ये कशी आहे."

मी समजूत घालायचा प्रयत्न केला. पण बाईंचा चेहरा पार उतरला होता. या वयात, रात्रभर प्रवास करून, कुणाच्या तरी बदलीबरोबर नदी बघायला आपण आलो, असं त्यांना खरंच वाटत होतं. पेढेवाल्याच्या वेळी आम्ही हसलो होतो. इथे मला हसू आलं नाही.

भेडाघाटला ज्या घाटावरून नावा सुटतात त्याचं नाव पंचवटी. हे वाचून आमचे हे म्हणाले, "एवढं फिरून शेवटी पंचवटीतच." कुणी हसलं नाही. नाव बऱ्यापैकी मोठी होती. आमच्याशिवाय एक गुजराती कुटुंब होतं. नावाडी म्हातारा, अंगाने वाळलेला, पण तोंड अखंड चालू. वल्हं मारायचं पोरांनी आणि बोलायचं त्याने. नाव निघताच सुरू झाला, "दाहिने देखिए हाथी का पाँव, बाएँ देखिए परियों का गाँव." गुजराती मंडळी उजवीकडे आणि डावीकडे माना टाकू लागली.

आमच्या ह्यांच्यातला प्राध्यापक इथे जागा झाला. ते नावाड्याला म्हणाले, "वैसे देखा जाये तो संगमरवर म्हणजे चूना पत्थरही है. चुनखडी. गरमी और दाब से ऐसा हो गया."

नावाड्याने वल्हं मारणाऱ्या पोरांना थांबायला सांगितलं. "साहब, चूना पान में लगता है. ये तो नर्मदा मैया का काम है."

"तेच म्हणतोय मी. रासायनिक दृष्टीने..."

"तुझ्या नवऱ्याला शेंगदाणे दे," बाई मला म्हणाल्या. सकाळपासूनचं त्यांचं हे पहिलं मोठं वाक्य.

बाई कडेला बसल्या होत्या त्यामुळे नाव त्या बाजूला कलत होती. नावाड्याच्या ते लक्षात आलं. "अम्माजी, आप बीच में आइए. और भाईसाहब, आप दुबले हैं, आप भी बीच में. एक इधर मुँह कीजिए, एक उधर." मधे एकच आडवी फळी. बाई पुढे तोंड करून बसल्या, मफलरवाले मागे तोंड करून. पाठीला पाठ. नाव सरळ झाली.

कडे जवळ येऊ लागले. एका ठिकाणी तर इतके जवळ की पूर्वी इथून माकडं या काठावरून त्या काठावर उडी मारत, असं नावाडी सांगू लागला. पाणी काळपट हिरवं झालं, वल्ह्यांचा आवाज मोठा येऊ लागला. आणि बाईंच्या पाठीमागून, अगदी हळू, पण स्पष्ट, आवाज आला.

"नासिक, लाइन पर हो?"

तो तोच आवाज होता. बाईंचा चावणारा जबडा थांबला. त्यांनी डोळे मिटले.

"हाँ, जबलपूर. बोलो."

आवाज तोच मऊसूत. गुजराती बाईने वळून पाहिलं की हे बोललं कोण.

"सिन्नर वाले सेठ ठीक हैं?"

"ठीक कसले. गोदाम में पाणी घुसा, सब पत्ता सडा." बाईंनी पुन्हा शेंगदाणा चावायला घेतला. "मेरेको लगा तुमने दुसऱ्याला भेजा."

"हमें भी यही लगा. कि नासिक ने किसी और को भेज दिया."

"का? मी कशी असेन असं वाटलं होतं?"

"दुबली," ते म्हणाले. "और आप?"

"मेरेको लगा तुमको मिशा होगी."

"रख लें?"

"आता कशाला."

दोघं हसायला लागले. पाठी एकमेकांना टेकलेल्या असल्याने फळी हलत होती आणि नाव डुलत होती. नावाड्याला राग आला. त्याची सगळ्यात आवडती जागा आली होती, पाण्यातून उभा राहिलेला निळसर झाक असलेला दगड, आणि अम्माजी डोळे मिटून बसलेल्या. "अम्माजी, आँख तो खोलिए. नासिक से आई हैं."

"तू बोल रे, मेरेको सुनाई देता है," बाई म्हणाल्या आणि पुन्हा आपल्या बोलण्यात शिरल्या. मिसरी कोणती चांगली इथपासून त्यांची सून कशी वागते इथपर्यंत. पुष्कळ वेळाने नाव परत फिरली, कडे मागे पडायला लागले, तेव्हा मफलरवाल्यांचा आवाज आणखी खाली आला.

"नासिक, एक बात है. सिर्फ़ आप से."

"बोलो."

"हम अब रिटायर हो रहे हैं. घर में दो कमरे हमारे हैं. आप इधर आ जाइए."

मी दगडांकडे बघायला लागले. इतक्या मन लावून मी आयुष्यात दगड बघितले नाहीत. आमचे हे काहीतरी बोलणार होते, मी त्यांचा पाय दाबला.

"म्हणजे रोज समोरासमोर बैठके जेवायचं?" बाईंनी विचारलं.

"हओ."

बाईंनी तोंडातला शेंगदाणा गिळला. "नको," म्हणाल्या. "नहीं जमेगा. सकाळपासून बघितलं ना. स्टेशन पे तुम मेरेसे नहीं, माझ्या पिशवीशी बोले. घर में कितनी पिशव्या ठेवायच्या?"

त्यांनी "हओ" म्हटलं. तो 'हओ' मात्र बोर्डावरच्या मुलींनी ऐकायला नको होता.

घाटावर उतरल्यावर बाईंनी डोळे उघडले. परतीच्या गाडीत त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. भुसावळ गेल्यावर म्हणाल्या, "मी नको म्हणाले खरं."

"मग आता?" मी विचारलं.

"मग काही नाही. झोप."

थेट फोन सुरू झाले. सिन्नरचे शेठ घरी बसून स्वतःच चकती फिरवू लागले. बाईंच्या बोर्डावरची जबलपूरची जागा रिकामी राहू लागली. बाई मात्र रोज दुपारी तिथे वायर लावत. साहेबांनी विचारलं तर, "लाइन जिवंत आहे का बघते." साहेब बिचारे चांगले होते. एक दिवस पलीकडून कुणी तरणा मुलगा बोलला. "वो तो रिटायर हो गए, अम्माजी."

बाईंनी त्याच्याकडून घरचा पत्ता उतरवून घेतला आणि हेडफोन काढून ठेवला. मिसरीची डबी पर्समध्ये टाकली. मला म्हणाल्या, "माझा बोर्ड बघ," आणि जिना उतरून गेल्या. आम्हाला वाटलं घरी गेल्या. त्या नाशिक रोडला जाऊन गाडीत बसल्या होत्या.

पुढचं मला त्या मफलरवाल्यांनीच नंतर सांगितलं. भर दुपारी त्यांच्या दाराची कडी वाजली. त्यांनी आतून विचारलं, "कौन?"

"नासिक."

ते दार उघडायला धावले. बाहेरून हुकूम आला, "दरवाज़ा मत खोलो. पहले सुनो." मग बाई बंद दाराशी उभ्या राहून बोलल्या. मुलगा आणि सून आतल्या खोलीतून बघत होते की म्हातारा दाराला कान लावून काय करतोय. बाईंनी सांगितलं की माझ्याकडे नाशिकला एक खोली आणि स्वयंपाकघर आहे. मध्ये भिंत आहे. भिंत चांगली जाड आहे पण आवाज येतो. तुम्ही बाहेर बसायचं, मी आत. जेवायला एका बाजूला बसायचं, दोघांनीही तोंड दाराकडे करायचं. चालत असेल तर बोला, नसेल तर मी अशीच जाते, दार उघडू नका.

"फिर?" मी त्यांना विचारलं.

"फिर क्या. हमने खोल दिया."

बाई त्यांना घेऊनच परतल्या. वसाहतीतल्या बायकांनी विचारलं, हे कोण. बाई म्हणाल्या, "जबलपूर." तेव्हापासून ते सगळ्यांचे जबलपूरकाका. विहारात चार माणसांत लग्न झालं. दोघं शेजारी शेजारी बसून समोर बघत होते, त्यामुळे काही अडचण आली नाही. फोटोवाल्याने एकमेकांकडे बघायला सांगितलं तेव्हा बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तसाच फोटो काढला.

आम्ही एका रविवारी दुपारी त्यांच्याकडे गेलो. जबलपूरकाका बाहेरच्या खोलीत खाटेवर, रस्त्याकडे तोंड करून. बाई आत मेथी निवडत होत्या. भिंतीतून अखंड बोलणं चालू होतं. शेजारच्या मुलीच्या नोकरीपासून पाण्याच्या नळापर्यंत. मधेच बाई विचारायच्या, "है ना?" आणि बाहेरून तो भरदार "हओ" यायचा. आम्ही बसलो, आमच्याकडे बघून काकांनी हात जोडले आणि बोलणं तसंच पुढे चालू ठेवलं.

चहा घेऊन बाई बाहेर आल्या. एकदम शांतता. त्या खाटेवर काकांच्या शेजारी बसल्या. दोघांचे खांदे टेकत होते आणि दोघंही बाहेर कुठल्या तरी सायकलकडे बघत होते. ती शांतता इतकी लांबली की आमच्या ह्यांनी घसा खाकरला. मी त्यांच्या हातात बिस्कीट दिलं.

कप रिकामे झाले. बाई ते उचलून आत गेल्या. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि मग भिंतीपलीकडून, "हां, तर मी काय सांगत होते..."

काकांनी मफलर सैल केला, भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. आम्ही उठलो, चपला घातल्या, निरोप न घेताच निघालो. आम्ही गेलो हे दोघांपैकी कुणाच्या लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही.